बोगद्यात टेलर मास्तर

टेलर मास्तरांचा उजवा पाय जन्मात कधी स्वस्थ बसला नव्हता. पायाच्या मशीनवर उभी हयात गेलेली. जेवताना, न्हाव्याच्या खुर्चीत, मयताला गेल्यावरसुद्धा तो पाय नसलेलं पायडल मारत असे. आता त्याच पायाचा खुबा दुखत होता आणि एक्स-रे बघून डॉक्टरांचं समाधान झालं नव्हतं.

"एमआरआय करा. फोटो स्वच्छ आला तर कळेल, विश्रांतीवर भागतंय की सांधा बदलायचा."

सांधा बदलल्यावर पायडल मारता येईल का, हे मास्तरांनी विचारलंच नाही. न जाणो, डॉक्टर उत्तर द्यायचे.

"आत हलू नका म्हणजे झालं," बाहेरच्या बाकावर बायको म्हणाली.

"मी कधी हलतो?"

बाक हलत होता. बायकोने त्यांच्या गुडघ्यावर चापट मारली.

आतल्या टेक्निशियन मुलीने घड्याळ, पट्टा, अंगठी काढून घेतली. कॉलरखालून टाचण्या निघाल्या, तशी ती सावध झाली.

"काका, शरीरात काही धातू? पेसमेकर, स्क्रू?"

"एकदा सुई बोटातून आरपार गेली होती. पण ती काढून परत वापरली."

मग झगा मिळाला. पाठ उघडी, नाड्या भलतीकडे.

"हा कुणी शिवला?"

"काका, झोपा."

तिने दोन्ही चवडे आत वळवून पट्ट्याने बांधले, कानांवर हेडफोन चढवले, हातात रबरी फुगा दिला. "घाबरलात तर दाबा. दुखणार काही नाही, आवाज मात्र फार. श्वास नेहमीसारखा घ्या. अर्ध्या तासाचं काम."

फळी पायांकडून बोगद्यात सरकली. नाकाला खाज सुटली. मग पाठीला. मग जिथे माणसाने चारचौघांत खाजवू नये तिथे. तेवढ्यात मशीन सुरू झालं: खट-खट-खट-खट, एका लयीत, जाड कापडावर लांब शिलाई चालावी तसं. मास्तरांच्या पायाला ओळख पटली. चवडे बांधलेले असूनही मांडीतून खुब्यापर्यंत तो कामाला लागला.

"काका, हललात. पुसट आला. परत घेते."

परत तेच.

"काका, आता शेवटचं हं. नाहीतर दुसरी तारीख घ्यावी लागेल. बाहेर रांग आहे."

मास्तरांना घाम फुटला. पायाला दटावलं, शिव्या घातल्या, आर्जवं केली. मग त्यांनी मनाशी विचारलं, बाबा रे, तू थांबतोस तरी कधी?

दोरा तुटल्यावर.

खट-खट सुरू झालं आणि मास्तरांनी मनातल्या मनात दोरा तोडला. पाय जागच्या जागी थांबला. त्यांनी टोक ओलं केलं, पिळलं, सुईच्या नेढ्यासमोर धरलं. हुकलं. पुन्हा धरलं. पुन्हा हुकलं. बाहेर मशीन बडवत राहिलं. मास्तर हूं की चूं न करता ओवत राहिले.

फळी बाहेर आली.

"सुरेख आला, काका! काय केलंत?"

"दोरा ओवत होतो."

"एवढा वेळ?"

"आताशा दिसत नाही गं."

बाहेर बायको उठून उभी राहिली. "काय म्हणाले?"

"फोटो स्वच्छ आलाय. काय ते उद्या डॉक्टर सांगतील."

चपला घालायला मास्तर टेकले. बाक हलू लागला. एरवी बायकोने गुडघ्यावर चापट मारली असती. आज ती शेजारी बसली आणि हलत राहिली.