हात लावल्याशिवाय शब्द नाही

शाळेत तिला सगळे झाडूबाई म्हणत. शिशुवर्गाला इंग्रजी शिकवायला ती झाडू, बादली, कुलूप असलं काहीबाही घेऊन यायची. तिच्या वर्गाचा नियम एकच: आधी वस्तूला हात लावायचा, मगच तिचं नाव घ्यायचं. ब्रूम म्हणायचं तर झाडू धरा, वेट म्हणायचं तर बोटं भिजवा. शाळेनं आणलेला चित्रांचा महागडा संच कपाटात धूळ खात होता. त्यात बर्फाचं घर, शिडाची नौका, शिंगवाला घोडा. पोरांच्या सात पिढ्यांनी न पाहिलेलं. तहान लागलीय एवढं इंग्रजीत सांगता आलं नाही तरी चालेल, पण पाहुण्यांपुढे पोरानं 'यॉट' म्हटलंच पाहिजे. याला म्हणे शिक्षण म्हणायचं.

त्या दिवशी वर्ग बघायला पालक आले होते. झाडूबाईला नोकरीत कायम करायचं की नाही, तेही मुख्याध्यापिका, म्हणजे मोठ्या बाई, आजच ठरवणार होत्या. त्यांनी मुद्दाम संच काढला आणि नौकेचं कार्ड भिंगरीच्या नाकासमोर धरलं. भिंगरी म्हणजे वर्गातली सगळ्यात चुळबुळी पोर.

"व्हॉट इज धिस?"

भिंगरीनं नियमाप्रमाणे कार्ड चाचपलं आणि ठणकावून सांगितलं, "पेपर."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. मोठ्या बाईंनी शेजारच्या पोरापुढे बर्फाचं घर धरलं. त्यानंही हात लावला. तेही पेपर. शिंगवाला घोडासुद्धा पेपरच निघाला.

"यात पोरांनी खोटं काय सांगितलं?" एका बापानं विचारलं.

मोठ्या बाई झाडूबाईच्या कानाशी आल्या. चूक झाली म्हणून सांगा आणि खरं उत्तर वदवून घ्या, नाहीतर उद्यापासून येऊ नका, असं त्यांनी दात आवळून बजावलं.

झाडूबाईच्या घरात कमावणारी ती एकटीच. एक शब्द बोलली असती तर भागलं असतं. पण भिंगरी अजून कार्डावर बोट ठेवून शाबासकीची वाट बघत होती.

"उत्तर बरोबर आहे," झाडूबाई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "हिला चूक म्हणायला माझी जीभ रेटणार नाही."

"मग दार उघडं आहे."

झाडूबाई दाराकडे गेली. पोरं टकामका बघू लागली. तिनं दाराच्या फळीवर तळवा टेकवला.

"डोअर."

"डोअर," अख्खा वर्ग गरजला.

तिनं ते आतून लावून घेतलं. "शट."

"शट."

नोकरीवरून काढायचं तर उद्या काढा म्हणावं. तास अजून संपला नव्हता. तिनं बादली पुढे ओढली.