एस्नातची नक्कल

एस्नातला पुरलं तेव्हा कुणीच हसलं नाही. ते मला सलत राहिलं.

आमच्याकडे माणूस गेला की घरातल्या सुना त्याचे कपडे अंगावर घालतात. त्याच्यासारखं चालतात, त्याच्यासारखं ओरडतात, आणि रडायला आलेली माणसं पोट धरून हसतात. मग पुन्हा रडतात. तसं झालं की गेलेल्याला नीट निरोप दिल्यासारखं वाटतं. पण आम्हाला मूल झालं नाही, तर सून कुठून येणार? माझा भाऊ जोहान्सबर्गला, त्याच्या घरचं कुणी येऊ शकलं नाही. शेजारणी आल्या, भजनं म्हणाल्या, मक्याच्या पिठाचा सादझा शिजवला, भांडी घासून गेल्या. मग मी आणि घर.

मी मास्विंगो शहरात वेल्डिंग करतो. फाटकं, खिडक्यांचे गज. एस्नात कॉलेजात मानसशास्त्र शिकवायची. तिच्या विभागाचा दरवर्षी एक मोठा दिवस असतो. भाषणं होतात, बक्षिसं होतात आणि शेवटी मुलं शिक्षकांच्या नकला करतात. ती दरवर्षी घरी येऊन एवढंच सांगायची, ‘आज माझी फार छान केली.’ मी कधी गेलो नव्हतो. यंदा विभागप्रमुख डॉक्टर मुसारांचा फोन आला, ‘शुंबा, तुम्ही आलंच पाहिजे.’ मी सिंहाच्या कुळाचा, म्हणून शुंबा. मी लगेच हो म्हणालो. मला भाषणं नको होती. मला नक्कल पाहिजे होती. सुनांनी केली नाही ती पोरं करतील, असं मनात होतं.

हॉलच्या भिंतीभर तक्ते लावले होते. मला पहिल्या रांगेत बसवलं. डॉक्टर मुसारांनी वर्षाचा अहवाल वाचला. तुरुंगातल्या कैद्यांशी बोलायला मुलं दर आठवड्याला जातात. मन जड झालेल्यांसाठी फोनची सेवा आहे, ती आता रात्रभर चालते. खेड्यातल्या शाळांतून परीक्षेच्या भीतीवर काम झालं. हरारेच्या परिषदेत विभागाला पहिलं बक्षीस मिळालं. एकेक काम सांगताना ते थांबायचे आणि म्हणायचे, ‘हे ग्वातिझो मॅडमनी सुरू केलं.’ टाळ्या व्हायच्या. ग्वातिझो मॅडम म्हणजे एस्नात. मी पण टाळ्या वाजवल्या.

शेवटी ते म्हणाले, “मॅडमच्या आठवणीसाठी यंदा नकलांचा कार्यक्रम ठेवलेला नाही.”

मी उठून उभा राहिलो. असं उठायचं ठरवलं नव्हतं.

“डॉक्टर, का नाही?”

“शुंबा, मुद्दाम वगळलाय. तुम्हाला जड जाईल.”

“जड तर रोज जातंय. एक दिवस हलकं करा की.”

शेजारच्या बाई, त्याही शिक्षिका, हळूच म्हणाल्या, “दुःखात असलेल्या माणसासमोर गेलेलं माणूस असं अचानक आणणं बरं नसतं, बाबा. आम्ही हेच शिकवतो.”

“तुमची आई गेली तेव्हा नक्कल झाली होती?”

“झाली होती. पण ते गावाकडे.”

“मग कॉलेजात माणसं मरत नाहीत का?”

मागे मुलं हसली आणि लगेच गप्प झाली. डॉक्टर मुसारा चष्मा पुसत राहिले. मी म्हणालो, “मला सून नाही. माझी बायको नक्कल न होता गेली. तुमच्यातली कुणीतरी करा.”

मागून एक मुलगी पुढे आली. नेत्साई तिचं नाव, शेवटच्या वर्षाची.

“सर, मी होते सून. पण सासऱ्यांनी एक कबूल करायचं. मी जेवण करपवलं तरी बोलायचं नाही.”

“आधी चूल तरी पेटवून दाखव,” मी म्हणालो.

“बघा, आलं सासुरवास!” ती म्हणाली, आणि हॉल हसला. डॉक्टर मुसारांनी हात वर केले. करा काय ते.

नेत्साईनं कुणाचा तरी चष्मा घेऊन कपाळावर चढवला आणि तोच चष्मा टेबलावर शोधायला लागली. मुलं ओरडली. एक मुलगा रडायचं सोंग करत आला.

“आधी पाणी पी,” ती म्हणाली. “कोरड्या घशानं रडलं की बकरीसारखा आवाज येतो. तू नापास झालास? अरे, जग कधीचं नापास झालंय, त्यालाही इथंच बसव.” मग खिडकीशी गेली. “आमच्या ह्यांनी घराला इतके गज लावलेत की चोर येतो आणि विचारतो, बाई, तुम्हाला कुणी कोंडलंय का?”

सगळे माझ्याकडे बघून हसले. मीही हसलो. डॉक्टर मुसारा डोळे पुसत हसत होते. मग माझं हसणं थांबलं. हा विनोद मी कधी ऐकला नव्हता. ही हात उडवत बोलणारी, खिदळणारी बाई सगळ्या हॉलला ओळखीची होती. मी तिला पहिल्यांदा बघत होतो.

कार्यक्रम संपला. मुलं खुर्च्या रचायला लागली. नेत्साई माझ्यासमोर गुडघ्यांवर बसली, सुना मान देताना वाजवतात तसे हात वाजवले.

“शुंबा, जमलं का?”

“जमलं. सगळे किती हसले.”

“तुम्ही मधेच थांबलात.”

“ती बाई मला माहीत नव्हती, पोरी.”

तिचा चेहरा पडला. “माझं चुकलं?”

“नाही गं. इथं ती तशीच असणार.”

“मग घरी कशा असायच्या?”

मला सांगता येईना. म्हणून मी करून दाखवलं. खुर्चीवर बसलो, बुटांतून पाय काढले आणि बुटांवरच ठेवले. हात मांडीवर, तळवे वर. जमिनीकडे बघत राहिलो. कॉलेजातून आल्यावर ती अशी बसायची, चहाला उकळी येईपर्यंत. दिवसभर लोकांचं ऐकून आलेली असायची. मीही बोलणारा माणूस नाही. घरात दोघांचा मिळून आवाज तो किटलीचाच. मला त्यात काही कमी वाटलं नाही.

नेत्साई हसली नाही. तिनं शेजारी खुर्ची ओढली, चपला काढल्या, पाय त्यांच्यावर ठेवले, तळवे वर केले.

“मान आणखी थोडी खाली,” मी म्हणालो.

तिनं खाली केली. मग मी तिच्याकडे बघितलं नाही, समोर बघितलं. बाजूला एस्नात होती.

एक मुलगा आला. “नेत्साई, ती खुर्ची दे.”

“थांब रे,” ती मान न उचलता म्हणाली. “मॅडम दमल्यात.”

तो बिचारा तसाच उभा राहिला. बाहेर कोंबी गाडीचा हॉर्न वाजला, तिच्या वस्तीकडे प्रवासी नेणारी शेवटची. ती उठली, चपला घातल्या, दोन्ही हातांनी माझा हात धरला आणि पळाली. तिची खुर्ची त्या मुलानं उचलली. मी बसून राहिलो. थोड्या वेळानं त्यानं माझी खुर्चीही मागितली.