पंचाहत्तरच्या खाली

काट्यावर चढण्याआधी तिनं कानातले काढले, मग केसांतल्या पिना, मग घड्याळ, आणि सगळं वहिनीच्या ओंजळीत दिलं. चपला दाराशीच सुटल्या होत्या. एवढ्यानं काही फरक पडत नाही हे तिला कळत होतं. पण गेल्या काही महिन्यांत कळण्याचा आणि करण्याचा फारसा संबंध उरला नव्हता.

काट्यावरचे आकडे जरा खालीवर नाचले आणि थांबले.

"ब्याऐंशी पूर्णांक चार," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मागच्या वेळी?"

"एक्क्याऐंशी पूर्णांक नऊ," वहिनीनं सांगितलं. तिला ते पाठ होतं.

डॉक्टरीणबाईंनी रक्ताचा रिपोर्ट पुन्हा एकदा वाचला आणि चष्मा कपाळावर सरकवला. "मला हे कोडंच पडलंय. डोस दोनदा वाढवला, तरी थायरॉइडचा आकडा खाली यायचं नाव नाही. गोळी रोज घेता ना?"

"रोज. पहाटे, उपाशी पोटी. दादा स्वतः उठवतो मला."

"सोबत चहा, दूध? कॅल्शियमची गोळी वगैरे? त्यानं ही गोळी अंगी लागत नाही, म्हणून विचारते."

"नाही हो. कोमट लिंबूपाणी तेवढं. वजनासाठी."

"तेवढ्यानं नाही असं होणार." बाई चांगल्या होत्या, रागावत नव्हत्या, आणि तेच जास्त जड जात होतं. "थायरॉइड ताळ्यावर आणा आणि वजन पंचाहत्तरच्या खाली. मग किडनी द्यायचं बोलू. तोवर मला सही करता येणार नाही. उद्या टेबलावर तुम्हालाच काही झालं तर?"

बाहेर आल्यावर वहिनीनं ओंजळ पुढे केली. पिना, कानातले, घड्याळ. परत करताना ती तिच्याकडे न बघता म्हणाली, "मनात नसेल तर सांग बाई. राग नाही माझा. कोणाला आपलं शरीर कापून द्यावंसं वाटेल? पण सांग. म्हणजे आम्ही दुसरीकडे बघायला मोकळे."

दुसरीकडे बघण्यासारखं कोणी नव्हतं, हे दोघींनाही ठाऊक होतं. वहिनीचा रक्तगट जुळत नव्हता. नात्यातले एकेक जण तपासणीचं नाव काढताच फोन उचलेनासे झाले होते. जुळलं होतं ते एका बहिणीचं, आणि तेही असं जुळलं होतं की तपासणारा माणूससुद्धा खुर्चीत सरसावून बसला होता. आडवी आली ती तिच्या गळ्यातली एक सुस्त ग्रंथी.

दादा आयुष्यभर औषधाच्या दुकानात गल्ल्यामागे उभा राहिलेला माणूस. मालकापेक्षा गिऱ्हाइकांचा त्याच्यावर भरवसा जास्त. आई-वडील लवकर गेले तेव्हा हिला त्यानंच वाढवलं, शिकवलं, लग्न करून दिलं, आणि ते लग्न मोडल्यावर एक शब्द न विचारता तिची बॅग आत नेऊन ठेवली. तिला तो चिमणी म्हणायचा. ती ब्याऐंशी किलोंची झाली तरी चिमणीच म्हणायचा, आणि त्यात त्याला काही गंमत वाटते आहे असं कधी दिसलं नाही.

आता आठवड्यातून तीनदा त्याचं रक्त यंत्रातून फिरून परत अंगात येत होतं. यंत्राच्या सुया टोचायला तयार केलेली डाव्या हाताची शीर बंद पडली, मग उजव्या हाताची केली, तीही आता कुरकुर करायला लागली होती. तिसरी जागा शोधावी लागेल आणि ती किती दिवस टिकेल सांगता येत नाही, असं तिथल्या डॉक्टरांनी वहिनीला बाजूला घेऊन सांगितलं होतं. किडनीचं पहिल्यांदा निघालं तेव्हा दादा स्पष्ट नाही म्हणाला होता. "हिच्या अंगाला सुरी लावून मला जगायचं नाही." त्यावर वहिनी रडली, ही भांडली, दोघींनी मिळून त्याला भंडावून सोडलं, आणि शेवटी तो मान खाली घालून "बरं" म्हणाला. त्यानंतर त्यानं तो विषय काढला नाही. उलट हिच्या गोळीची जबाबदारी आपल्या अंगावर घेतली.

"माझ्यानं दुसरं काय होतंय? तेवढं तरी करू दे."

म्हणून पहाटे तोच उठायचा, पाणी कोमट करायचा, लिंबू पिळायचा, आणि भरलेला ग्लास घेऊन तिच्या उशाशी यायचा. स्वतः त्याला दिवसभरात मोजकंच पाणी प्यायची परवानगी होती. उन्हाळ्यात बर्फाचा खडा चघळून दिवस काढायचा. त्या माणसाच्या हातून भरलेला ग्लास घेताना तिला रोज ओशाळल्यासारखं व्हायचं. ती शेवटच्या थेंबापर्यंत प्यायची, आणि तो तिचं पिऊन होईपर्यंत उभा राहायचा.

ती शाळेची बस चालवायची. सकाळची फेरी झाली की दुपारच्या फेरीपर्यंत बस आगारात उभी असायची, आणि त्या वेळात ती आवाराला फेऱ्या मारायची. आगारातल्या लोकांना आधी गंमत वाटली, मग सवय झाली. मेकॅनिकनं एकदा तिची सीट मागे सरकवून दिली आणि म्हणाला, "आता याच्यामागे जागा नाही बाई. यापुढे बसच वाढवून घ्यावी लागेल." सगळे हसले, त्यात ती सर्वांत मोठ्यानं हसली. मग बसमध्ये जाऊन अगदी मागच्या बाकावर बसली आणि रडली. तिथं खिडकीच्या काचेवर कोणा पोरानं बोटानं मांजर काढलं होतं. रडून झाल्यावर तिनं ते पुसलंसुद्धा नाही, तेवढंही बळ राहिलं नव्हतं.

खायचं म्हणाल तर उकडलेल्या भाज्या आणि पातळ सूप. पोटात कावळे ओरडत असायचे आणि अंग मात्र फुगत चाललेलं. केस कंगव्यात गुंतून यायचे. भर उन्हात हात गार पडायचे. सिग्नलला डोळा लागेल की काय या भीतीनं ती स्वतःला चिमटे काढायची, कारण मागे चाळीस पोरं बसलेली असायची. हे सगळं ती कोणाला सांगणार? ज्याचं रक्त यंत्रात फिरतं आहे त्याच्या घरात दमल्याची तक्रार करायला तोंड लागतं.

एका संध्याकाळी वहिनीनं तिची पिशवी धुवायला घेतली आणि आतून बिस्किटाचा कागद काढून टेबलावर ठेवला.

"हे काय?"

"बसमधल्या पोरांचं आहे. झाडताना उचललं, पिशवीत राहिलं असेल."

"पोरांचं," वहिनी म्हणाली.

एवढंच. शिवी दिली असती तर परवडलं असतं. ती काही बोलणार तेवढ्यात आतून दादाचा आवाज आला, आजारानंतर कधी चढला नव्हता इतका चढलेला.

"तिला बोलायचं नाही! एक अक्षर बोलायचं नाही तिला. तिची काही चूक नाहीये!"

वहिनीनं कागदाची घडी करून तो कचऱ्यात टाकला. त्या रात्री कोणीच धड जेवलं नाही. आपल्यासाठी दादा बायकोवर ओरडला, याचं तिला इतकं वाईट वाटलं की तिनं दुसऱ्या दिवसापासून सूपही अर्धं केलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, थंडी वाजून तिला नेहमीपेक्षा आधी जाग आली. स्वयंपाकघरात दिवा होता. आपणच जाऊन पाणी घ्यावं, दादाची खेप वाचेल, म्हणून ती उठली आणि बोळातच थबकली.

दादा ओट्याशी पाठमोरा उभा होता. त्याच्यासमोर त्याच्या कॅल्शियमच्या गोळ्यांची बाटली उघडी होती. जेवणासोबत चघळायला दिलेल्या, खडूसारख्या पांढऱ्या. दोन गोळ्या त्यानं एका चमच्यात ठेवल्या, वरून दुसरा चमचा दाबला आणि अंगठ्यानं हलकेच फिरवला. दुकानात लहान मुलांसाठी पुड्या करताना तो असाच चुरा करायचा. एक कणही बाहेर सांडायचा नाही. चुरा त्यानं ग्लासात ओतला. वरून लिंबू पिळलं. ग्लास फसफसला. तो फेस बसेपर्यंत थांबला, मग पाणी ओतून ढवळलं, ग्लास दिव्यासमोर धरला, आणि पाणी नितळ दिसल्यावर दोन्ही चमचे धुऊन पुसून जागेवर ठेवले.

डॉक्टरीणबाईंचा प्रश्न तिला आठवला. दादाच्या गोळ्या अलीकडे पुरत नाहीत म्हणून वहिनी कुरकुरत होती, तेही आठवलं. चूक झाली असेल, असं म्हणायला जागा नव्हती. कुठली गोळी कुठल्या गोळीला मारते हे ज्याला झोपेतून उठवून विचारावं, तो हा माणूस.

ती आवाज न करता परत येऊन पांघरुणात शिरली. आधी राग आला, असा की दात वाजायला लागले. वर्षभर उपाशी राहिले, लोकांचं ऐकून घेतलं, आणि हा रोज पहाटे माझ्या मेहनतीवर पाणी ओततोय. उठावं आणि ग्लास त्याच्या अंगावर फेकावा. मग पावलं ऐकू आली. सुजलेल्या पायांची, सपाता घासत येणारी.

"चिमणे, ऊठ गं. गोळी."

तिनं डोळे उघडले. समोर ते पिवळट, खंगलेलं तोंड होतं, आणि ते तिच्याकडे असं बघत होतं की फेकायला उचललेले सगळे शब्द तिनं खाली ठेवले. मरायला निघालेला माणूस तिला वाचवत होता. त्याला आपल्या परीनं तेच जमत होतं.

गोळी तिनं मुठीत ठेवली, रिकामा हात तोंडाकडे नेला आणि ग्लास शेवटपर्यंत प्यायली.

"घेतली?"

"घेतली."

तो समाधानानं ग्लास घेऊन गेला.

त्या दिवसापासून ती गोळी झोपताना, साध्या पाण्याबरोबर घेऊ लागली. डॉक्टरीणबाईंना एकटीच जाऊन भेटली आणि "चुकून कॅल्शियमबरोबर घेत होते" एवढंच म्हणाली. बाईंनी कपाळाला हात लावला, डोस खाली आणला आणि पुन्हा रक्त तपासायला सांगितलं. हळूहळू अंगावरचं मळभ उतरायला लागलं. हात गरम राहू लागले, सिग्नलला चिमटे काढावे लागेनात. काटा आधी चिकटून बसला, मग हलला, मग सुटलाच.

आणि आता खरी कसरत सुरू झाली. ज्या वजनासाठी जिवाचा आटापिटा केला, ते उतरलेलं दिसू नये म्हणून ती ढगळ कपडे घालू लागली. लांब बाह्या, गळ्याभोवती रुमाल. दादासमोर जड पाय टाकत चालायची. वहिनीनं वजन विचारलं की "तेवढंच" म्हणायची. वहिनी मान फिरवायची, आणि ती मूग गिळून बसायची. एक शब्द सांगितला असता तर ती मान परत फिरली असती. पण वहिनीच्या पोटात आनंद राहणारा नव्हता, आणि दादाला सुगावा लागला असता तर त्यानं दुसरा उपाय शोधला असता. औषधाच्या दुकानात त्याचं उभं आयुष्य गेलं होतं. तपासण्या पुऱ्या होऊन कागद हातात पडेपर्यंत ताकास तूर लागू द्यायची नाही, असं तिनं ठरवलं. रोज पहाटे ते आंबट पाणीही ती निमूटपणे पीत राहिली.

काट्यावर चौऱ्याहत्तर आले त्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी सही केली.

दुसऱ्या दिवशी सकाळची फेरी संपवून ती रिकामी बस घेऊन घराशी आली. दादाला डायलिसिसला न्यायचं होतं. वहिनी कामावर गेलेली. तो पहिल्या बाकावर, पोरांच्या मापाच्या जागेत, गुडघे छातीशी घेऊन बसला. ऊन चढलं होतं. वळणावर तिनं गळ्याचा रुमाल सोडून बाजूला ठेवला आणि बाह्या कोपरापर्यंत वर सारल्या. आरशात तिला त्याचे डोळे दिसले. ते तिच्या गळ्यावर होते, मग मनगटावर.

तिनं गिअर बदलला.

"कधीपासून?" त्यानं विचारलं.

"झाले तीन महिने."

"काही बोलली नाहीस."

"तू तरी कुठं बोललास?"

तो खिडकीबाहेर बघू लागला. "तुला काही झालं असतं ना चिमणे, तर मी जगून काय करणार होतो?"

"आणि मी काय करणार होते?" ती एकदम ओरडली. बस किंचित हेलकावली, तिनं सावरली. "मला विचारलंस? वर्षभर मी मला शिव्या घातल्या. मला वाटलं माझ्याच मनात खोट आहे, शरीराला कळलंय ते. असं वाटायचं मला, दादा!"

हॉस्पिटलच्या फाटकापाशी तिनं बस उभी केली आणि इंजिन बंद केलं.

"सही झाली. पुढच्या महिन्यात तारीख देतील," ती म्हणाली.

"आणि मी नाही म्हणालो तर?"

"तर वहिनीला सांगेन."

तो दचकला. बायकोसमोर त्या दोन चमच्यांचा जाब द्यायचा, हे चित्र बहुधा त्याच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं असावं. तोंड वाकडं करून तो हसायला गेला आणि मध्येच रडायला लागला, आवाज न करता, पोरांच्या त्या चिमुकल्या बाकावर. तिनं त्याला रडू दिलं.

"नको सांगूस गं तिला," शेवटी तो म्हणाला.

"मग उतर."

ती खाली जाऊन दाराशी उभी राहिली आणि हात पुढे केला. आजारी पडल्यापासून कोणाचा हात धरून तो एक पायरीही उतरला नव्हता. त्या हाताकडे तो क्षणभर बघत राहिला. मग त्यानं तो धरला, आणि अंगाचा सगळा भार तिच्यावर टाकून खाली उतरला.