कोपऱ्याचा गाळा

लातूर जिल्हा झाला आणि गावाबाहेर ज्याचा हातभर खडक होता तोही स्वतःला सावकार समजू लागला. शरणप्पा किराणावाल्याची तर औसा रस्त्याला चांगली पट्टी होती. गाळे बांधले तर पोरं भाड्यावर बसून खातील, हे त्याला कळत होतं. मजुरीला पैसा सोडवत नव्हता, म्हणून त्याला शिवलिंग गवंडी आठवला.

बोलणं झालं ते असं. दगड, सिमेंट शरणप्पाचं, मेहनत शिवलिंगची, मजुरी नाही. तीन गाळे शरणप्पाचे आणि कोपऱ्याची जागा शिवलिंगची, तिथं त्यानं आपला गाळा उभा करायचा. शिवलिंगची बायको गंगम्मा म्हणाली, कागद करा. शरणप्पानं गळ्यातल्या लिंगावर हात ठेवला आणि शब्द दिला. आता आम्हा लिंगायतांत लिंगावर हात ठेवलेल्या माणसाला कागद मागायचा म्हणजे त्याच्या तोंडावर थुंकायचं. शिवलिंगला ते जमलं नाही. मी त्यांचा शेजारी. मला त्याचा अजून राग येतो. लिंग माझ्याही गळ्यात आहे, पण मी कागद करतो.

त्या साली पावसानं ओढ दिली. नव्या भिंतीला रोज पाणी मारावं लागतं, नाहीतर ती तडकते. गंगम्मा पहाटे लांबच्या विहिरीवर नंबर लावायची. घरात अंघोळीला तांब्याभर पाणी, भिंतीला मात्र घागरी. शिवलिंग दिवसा पोटासाठी दुसरीकडे राबायचा आणि ऊन उतरलं की इथं थापी धरायचा. मी गंगम्माला चिडवायचो, की भिंतींचे एवढे लाड सासूनं तुझेही केले नसतील. ती हसायची. कोपऱ्यात पिठाची गिरणी टाकणार आहे, म्हणायची, तुमचं पहिलं दळण फुकट.

तिसऱ्या गाळ्यावर स्लॅब पडला आणि आठवड्याच्या आत शरणप्पा झोपेतच गेला.

आमच्यात माणसाला बसवून पुरतात, आणि स्वतःची जमीन असेल तर तिच्यातच. थोरला मुलगा सिद्धलिंग म्हणाला, अप्पांना पट्टीतच ठेवायचं. मोकळी जागा उरली होती ती कोपऱ्याची. खड्डा खणला तेव्हा शिवलिंग तिथंच उभा होता. समोर प्रेत बसवलेलं, स्वामी मंत्र म्हणतायत, अशा वेळी ही जागा माझी आहे असं कोणत्या तोंडानं म्हणायचं? त्यानंही चारचौघांसारखा बेल वाहिला, विभूती टाकली आणि घरी आला.

पाहुणे पांगल्यावर त्यानं विषय काढला. तीन गाळे तीन भावांनी वाटून घेतले होते. सिद्धलिंगनं शब्द नाकारला असता तर भांडता तरी आलं असतं. त्यानं नाकारला नाही.

"अप्पांनी शब्द दिलता, मला ठाव हाय," तो म्हणाला. "पर आता अप्पाच बसलेत तिथं. त्यांना ऊठ म्हनू का?" मग म्हणाला, "समाधी तेवढी तुमीच बांधा, काका. घरच्या मानसाला मजुरी काय द्यायची."

शिवलिंगनं घरी येऊन हे सांगितलं. गंगम्मा भाकरी थापत होती, तिनं वर पाहिलं नाही.

"बांधा," ती म्हणाली. "पर पानी मी आननार न्हाई."

त्यानं बांधली. समाधी दोन दिवस उन्हात कोरडी राहिली. तिसऱ्या सकाळी तो बायकांच्या रांगेत घागर घेऊन उभा दिसला. हातचं काम तडकलेलं त्याला बघवत नव्हतं. मला इतकी चीड आली की मी तोंड फिरवलं.

भरलेली घागर खांद्यावर घेऊन तो घरावरून चालला, तेव्हा गंगम्मा दारातच होती.

"नीट भिजवा," ती म्हणाली. "आपलाच कोपरा हाय त्यो."