ढालीवरची कमळकळी

नारायण पेठेत राहणाऱ्या प्राध्यापक रंगनाथांना साध्या दिसणाऱ्या गोष्टीतही पाच अर्थ सापडत. कॉलेजच्या बोधचिन्हात त्यांना सात सापडले होते. ढालीवरचा तांबूस गोल म्हणजे मिटलेली कमळकळी, वरची टोकं म्हणजे ज्ञानाच्या ज्वाळा, खालचे धागे म्हणजे परंपरेची मुळं. यावर त्यांनी बावीस पानांची पुस्तिकाच काढली होती. यंदा कॉलेजचं विद्यापीठ झालं आणि तेच चिन्ह रेशमी ध्वजावर चढलं. रंगनाथ महिनाअखेरीस निवृत्त होणार होते. त्यांना दोन वर्षांची मुदतवाढ हवी होती, अगदी कळवळून हवी होती. घरी बसून बायकोच्या भाजीत अर्थ शोधायची त्यांना धास्तीच वाटे.

"सर, भाषण झकास होऊ द्या," अध्यक्ष विक्रमशेठ म्हणाले होते, "तुमच्या पत्रावर तिथंच सही करतो."

विद्यापीठाच्या समारंभात ध्वज वर गेला. रंगनाथांनी कमळकळीला हात जोडले आणि श्लोक सुरू केला. संस्थापक सोनबांच्या पत्नी, विक्रमशेठच्या आई यमुनाबाई, व्यासपीठावर बसल्या होत्या. त्यांच्यासमोरचा माईक चालू होता.

"कमळ कुठलं? कांदा हाय त्यो," त्या म्हणाल्या. "मार्केट यार्डात आमच्या गोण्यांवर ह्योच छाप असायचा. कालेज काढलं तवा ह्यांनी त्योच पाटीवर रंगवला."

सभागृह खदखदून हसलं. विक्रमशेठचा चेहरा पडला. चातुर्मासात घरात कांद्याचं सालही न शिरू देणारे रंगनाथ ऐन श्रावणातसुद्धा रोज सकाळी कांद्यालाच नमस्कार करत आले होते. पण मुदतवाढ समोर दिसत होती. त्यांनी घसा खाकरला.

"आईंनी गूढ उकललं! कांदा, म्हणजेच संस्कृतातला पलांडू! एकेक पापुद्रा म्हणजे एकेक शास्त्र, आणि डोळ्यांतलं पाणी म्हणजे साधकाची तळमळ!"

टाळ्या थांबेनात. विक्रमशेठनी खरंच तिथल्या तिथे सही केली.

पत्र खिशात घालून रंगनाथ यमुनाबाईंपुढे वाकले. "आई, सव्वीस वर्षं या चिन्हाला नमस्कार करतोय. सोनबांना एवढा खोल अर्थ सुचला तरी कसा?"

"कसला अर्थ? आमच्या हमालांना वाचता येत नव्हतं. लांबनं बघून कळावं म्हणून कांदा काढला. त्यांना कळायचा बी लगेच." यमुनाबाईंनी त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "तुमाला सव्वीस वर्सं लागली."