उंबऱ्याआतलं रोम

थांबा, मला फेकू नका. मी कॅसेट बोलतेय. कपाटातल्या बिस्किटांच्या डब्यात, सुईदोऱ्याशेजारी पडलेली ती मीच. माझ्या एका बाजूला पाळणा आहे आणि दुसऱ्या बाजूला रोम. हसू नका. खरंच रोम आहे, सिंहासकट.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आता आठवत नाही. मला समजायला लागलं तेव्हा मी नाशिकच्या मेनरोडवर एका दुकानाच्या काचेत होते. जयरामने मला घेतलं ते पोरीच्या बारशासाठी. गंगापूर रोडच्या मागच्या गल्लीत त्याच्या भाड्याच्या दोन खोल्या होत्या. तिथं बायकांनी वैजूचा पाळणा म्हटला, तो मी पोटात घेतला. मध्येच कुणीतरी ओरडलं, "अगं, गूळ कुठं ठेवलाय?" तेही घेतलं. आम्हाला निवडता येत नाही.

जयराम सातपूरच्या एका कारखान्यात वायरमन होता. तिथं एकदा इटलीहून यंत्र आलं. यंत्राच्या पुस्तकात कुणी हौसेने रोमचे फोटो छापले होते. खांब, कमानी, सिंहाशी लढायचं मैदान. त्या फोटोंनी जयरामला वेड लावलं. पुढं कारखाना बंद पडला, यंत्र धूळ खात राहिलं, पण वेड काही गेलं नाही.

कुवेतहून आलेल्या मित्राने एक छोटा कॉम्प्युटर त्याच्याकडं ठेवायला दिला. तो टीव्हीला आणि टेपला जोडायचा. जयरामने त्यावर रोमचा खेळ रचला. चित्रं नाहीत, नुसती वाक्यं. इंग्रजी अक्षरांत मराठी उमटायचं: 'तू मार्कस. रोममध्ये तुझ्या घरात आहेस. समोर दार आहे. काय करतोस?' आपण बटणं दाबून लिहायचं की रोम उत्तर द्यायचं.

हा खेळ माझ्या दुसऱ्या बाजूवर भरला. ती बाजू लावली की गाणं नाही, नुसतं किर्रर्र... चीईई... टर्रर्र. जयरामची आई नवसाबाई म्हणाल्या, "मांजर दारात चेंगरलं का काय?" पण वैजू मात्र त्या आवाजात गाढ झोपली. पाळण्याला रडायची, रोमला झोपायची.

वैजूच्या आईला, चांगुणाला, त्याचीही काळजी लागली. "अहो, पोरीच्या कानाला काही व्हायचं नाय ना?"

चांगुणा सायखेड्याची, सातवी शिकलेली. काळजी करण्यात तिचा हात कुणी धरला नसता. पोर झोपली की श्वास चाललाय का बघायची, जागी असली की झोपत का नाही म्हणून बघायची. तेव्हा तिला सगळ्यांत मोठी काळजी एकच होती. मुंबईच्या एका कंपनीचे साहेब दिवाळीनंतर हा खेळ बघायला येणार होते. आवडला तर जयरामला मुंबईत नोकरी. घराला ती नोकरी हवीच होती आणि चांगुणाला ती नको होती. मुंबईत तो जेवेल कुठं, झोपेल कुठं, ताप आला तर कपाळावर हात कोण ठेवील? ती बोलली नाही कुणापाशी. पण मला टेपात बसवताना तिची बोटं गार असायची, म्हणून मला ठाऊक.

"लोकांनी खेळून सांगायला पाहिजे, कुठं चुकतंय ते," जयराम म्हणाला. "मी मात्र कुणाला काही सांगणार नाही. खेळणाऱ्याने आपलं आपण शोधायचं."

रविवारी गल्ली जमली. पहिला मान शेजारच्या साळूबाईचा. चांगुणाने एकेक अक्षर दाखवलं आणि साळूबाईने लिहिलं, 'येतो.' टीव्ही म्हणाला, 'कळलं नाही.' तिने पुन्हा लिहिलं. पुन्हा तेच. मग एसटीतून रिटायर झालेले झुंबरअण्णा बसले. त्यांनीही लिहिलं, 'येतो.' दोन पोरं, एक जावई, एक शिंपी. सगळ्यांचं 'येतो.' संध्याकाळ झाली आणि अख्खी गल्ली रोममध्ये, एकाच उंबऱ्यावर उभी.

शेवटी जयरामचाच नियम सुटला. "अहो, 'जा' लिहा ना! मी 'जा'च शिकवलंय त्याला."

"घरातून निघताना 'जातो' म्हणत्यात का रे?" साळूबाई कडाडली. "अभद्र बोलायला शिकवतोय! तुझ्या रोमला आईबाप हाय का नाय?"

जयरामने 'जा' काढून 'येतो' घातलं. पुढच्या रविवारी दार उघडलं, साळूबाईचा मार्कस थेट मैदानात शिरला आणि सिंहाने त्याला खाल्लं. साळूबाईने तोंडाला पदर लावला. "खाल्लं गं माझ्या लेकराला!" त्या दिवशी गल्लीत कुणी चहा घेतला नाही. जणू सुतकच.

सोमवारी नळावर चर्चा झाली. कुणी काय म्हटलं ते चांगुणाने ताट वाढताना नवऱ्याला सांगितलं. "आईनं काही विचारलंच नाय त्याला. उपाशी गेलं ना पोरगं. तसल्या वक्ताला सिंह खाईल नाय तर काय?"

जयरामला पटलं. मार्कसला आई दिली. आई विचारायची, 'जेवलास का?' जेवल्याशिवाय दार उघडेना. मग चांगुणा म्हणाली, स्वेटर पाहिजे.

"रोममध्ये स्वेटर नव्हते गं."

"मग थंडीत माणसं काय करायची?"

जयराम बटणांकडं वळला. त्याने घोंगडी घातली. मग शिदोरी. मग नवसाबाईंनी विचारलं, "घरात म्हातारं माणूस कसं नाय?" तेव्हा एक आजी आली, आणि तिच्या पाया पडल्याशिवाय निघायचं नाही असं ठरलं. झुंबरअण्णांच्या सांगण्यावरून आलेल्यागेलेल्याला आधी पाणी. रोज एक नवी काळजी यायची आणि सगळ्यांत जास्त चांगुणाच्याच असायच्या. मार्कस घरातून निघायला जितका उशीर होईल तितकं तिला बरं वाटायचं.

पण त्या कॉम्प्युटरला डोकं लहान होतं. नवीन घालायचं तर जुनं काढावं लागायचं. जयरामने आधी राजसभा काढली. मग बाजार. मग हमामखाना. शेवटी सम्राटाला काढून तिथं लोणच्याची बरणी ठेवली. दर वेळी मी पुसली जायचे आणि पुन्हा भरली जायचे. माझ्या पोटात रोम आटत चाललं आणि माजघर वाढत चाललं. सिंह तेवढा राहिला, कारण चांगुणा म्हणाली, "तो कुठं जाईल बिचारा?"

दिवाळी झाली आणि साहेब आले. चांगले माणूस होते, पण घाईत. मला टेपात घातलं, मी किर्रर्र केलं, वैजू चांगुणाच्या खांद्यावर झोपली. साहेब खुर्चीत पुढं सरकून बसले.

आईने विचारलं, 'जेवलास का?' साहेबांनी लिहिलं, 'हो.' आई म्हणाली, 'खोटं बोलू नकोस. ताट स्वच्छ आहे.' साहेब हसले. जेवले. घोंगडी घेतली, शिदोरी घेतली, आजीच्या पाया पडले. मग दारात येऊन लिहिलं, 'जा.'

'असं म्हणू नये,' टीव्ही म्हणाला.

'बाहेर.' 'असं म्हणू नये.' 'दार उघड.' 'असं म्हणू नये.'

साहेबांनी घड्याळाकडं बघितलं. नियम एकदा मोडलेला, आता पुन्हा मोडायचा नाही म्हणून जयराम हटून होता. बोलेना. नवसाबाईंनी डोळे मिटले. चांगुणा भिंतीला टेकून उभी होती. ती नुसती गप्प राहिली असती तरी पुरे होतं. साहेब उठले असते, खेळ नापास झाला असता, नवरा घरात राहिला असता.

साहेबांनी बॅग उचलली. "छान आहे. पण अडकतंय कुठंतरी. बरं, मी जातो."

"येतो म्हणा, साहेब," चांगुणा म्हणाली.

"हो हो, येतो."

"तसं नाय." तिने टीव्हीकडं बोट केलं. "त्यात लिहा."

साहेब परत वळले. बॅग खाली ठेवली. उभ्याउभ्याच त्यांनी लिहिलं, 'येतो.'

टीव्हीवर अक्षरं आली: 'दार उघडलं. आई मागे उभी आहे. ती म्हणते, लवकर ये.'

साहेबांनी ते पुन्हा वाचलं. मग हळूच बसले. बाहेर सिंह होता. साहेबांनी काही न विचारता शिदोरी सोडली आणि त्याला भाकरी घातली. सिंह जेवला आणि मार्कसच्या मागे मागे चालू लागला. साहेब एवढ्या मोठ्याने हसले की वैजू दचकून उठली.

"आता रोम कुठंय?"

जयरामने मान खाली घातली. "काढलं, साहेब. जागा पुरेना."

तरी नोकरी मिळाली. की म्हणूनच मिळाली, कुणास ठाऊक. जयराम निघाला तेव्हा मी टेपात होते. उंबऱ्यावर चांगुणाने विचारलं, "जेवलात का?" तो म्हणाला, "हो." "ताट बघू?" मग घोंगडी. मग शिदोरी. तो नवसाबाईंच्या पाया पडला. सगळं खेळातल्याच क्रमाने. शेवटी तो म्हणाला, "येतो." तिने दाराची कडी धरून ठेवली. मग सोडली. "लवकर या."

दुपारी तिने मला लावलं. कॉम्प्युटर जोडलाच नव्हता, नुसता आवाज. वैजू झोपली. त्या दिवशी चांगुणाही झोपली. शनिवारी दारात चपला वाजल्या, तेव्हा ती जयरामच्या आधी त्याच्या शिदोरीच्या डब्याकडं बघत होती, रिकामा आहे ना म्हणून.

आता कॉम्प्युटर मित्राकडं परत गेलाय. माझी फीत एका जागी सुरकुतलीय. वैजू बालवाडीत जाते. काल तिने मला डब्यातून काढून विचारलं, "आई, ही टाकून देऊ?" चांगुणा पोळ्या लाटत होती, ऐकलं नाही तिने.

म्हणून तुम्हाला सांगतेय. तुमच्या घरात कुणी निजत नसेल, कुणाची वाट बघत असेल, तर मला एकदा लावा. दुसरी बाजू. किरकिरीला घाबरू नका, आत आई उभी आहे. माझं सांगून झालं. दार लोटून घ्या. सिंहाचं जेवण झालंय.

येते.