दातांच्या दवाखान्यातली कुंडी

मी एक जुनी मातीची कुंडी, आणि माझ्या पोटात आजवर चार झाडं मेली. मित्रांनो, ही काही मिरवायची गोष्ट नाही. पण लपवून तरी काय करू? माझं आयुष्य दातांच्या दवाखान्यात, बाहेरच्या खोलीत गेलं. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाने ती झाडं मरताना डोळ्यांनी पाहिली आहेत.

माझा जन्म चाकावर झाला. कुंभाराने बुडाला भोक पाडलं, वाळवलं, भट्टीत भाजलं आणि बोटाने ठोकून मी खणखणीत वाजते याची खात्री केली. मग मी एका रोपवाटिकेच्या दारात ऊन खात बसले. तिथून मला डॉक्टरीणबाईंच्या सासूबाईंनी उचललं. त्यांच्या सुनेने नुकताच दवाखाना थाटला होता. "पेशंटच्या डोळ्यांना काहीतरी हिरवं दिसू दे," असं म्हणत त्यांनी मला लाल गुलाबासकट आणलं आणि बाकाशेजारी बसवलं.

खोली तळमजल्यावरची. खिडकी होती, पण तिच्यापुढे हातभर अंतरावर शेजारच्या इमारतीची भिंत. भर दुपारीही ट्यूब लावावी लागे. गुलाबाने आधी तोंड वाकडं केलं, मग एकेक पान गाळत मान टाकली. मोगऱ्याने कळ्या न उघडताच गाशा गुंडाळला. जास्वंदीवर माव्याची कीड पडली आणि तीही गेली. शेवटी कुणीतरी म्हणालं, निवडुंग मरत नाही. निवडुंग आला. उजेडाच्या शोधात तो लांबडा, फिकट, लुकडा होत गेला आणि एके दिवशी बाकावरच्या एका आजोबांच्या मांडीवर आडवा झाला. आजोबा असे किंचाळले की रांगेतले दोघे जण, "आतून आवाज आला का हो?" म्हणत चपला घालून पसार झाले.

समोरच व्यायामशाळा होती. तिथले मास्तर दाराएवढे रुंद, पण दाढ दुखायला लागल्यापासून दवाखान्याच्या पायरीपर्यंत येऊन परत फिरायचे. गालावर हात धरून ते सगळ्यांना सांगायचे, "जिथे झाड वाचत नाही, तिथे माझी दाढ काय वाचणार?"

गल्लीभर हेच बोललं जाऊ लागलं. मग सासूबाईंनी माझ्यात प्लॅस्टिकचं झाड खोवलं. एका आजीबाईंनी पान चिमटीत धरून पाहिलं आणि म्हणाल्या, "इथे दात खोटे मिळतात हे ठाऊक होतं. झाडही खोटंच निघालं!"

त्या दुपारी डॉक्टरीणबाई बाहेर येऊन बाकावर बसल्या. "आई, मी मोठ्या हॉस्पिटलात नोकरी धरते. हल्ली पेशंटच्या खुर्चीत मीच जास्त बसते."

सासूबाईंनी पेपर उघडला. तेवढ्यात वीज गेली. त्यांनी चष्मा पुसला, पेपर नाकाशी नेला, खिडकीकडे धरला. "अगं," त्या हळूच म्हणाल्या, "मला इथे मथळेसुद्धा दिसत नाहीत, आणि मी गुलाबाला नावं ठेवत होते!"

त्यांनी मला कडेवर घेतलं आणि रोपवाटिका गाठली.

"कोणतं फूल देऊ?" माळीबुवांनी विचारलं.

"फूल नको. अंधारात नांदेल असं झाड दाखवा."

"बाई, मिट्ट अंधारात काहीच जगत नाही. कमी उजेडात निभावून नेणारी मात्र आहेत." त्यांनी मनीप्लांट दाखवला, उभ्या तलवारीसारखा स्नेक प्लांट दाखवला. सासूबाई मात्र पाण्याच्या टाकीमागे शिरल्या. तिथे सावलीत, कुणाचं लक्ष नसताना, एक तुकतुकीत झाड मजेत उभं होतं.

"याचं नाव?"

"झीझी."

"हे झाडाचं नाव की सुनेच्या दात कोरायच्या मशीनचा आवाज?" पण त्या हसल्या. "सून करताना मी तिला आधी घर दाखवलं होतं. झाडांना कुणी विचारलंच नाही!"

झीझी माझ्यात रुजली. मला वाटलं, सुटले एकदाची. पण थोड्याच दिवसांत तिची पानं पिवळी पडू लागली. सासूबाईंनी सगळ्यांना उभं केलं.

"मी तर रोज न चुकता तांब्याभर पाणी घालते!"

"अहो आई, मीही घालते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मला वाटलं, तुम्ही विसरता."

मदतनीस ताई पुटपुटली, "मी सकाळ-संध्याकाळ घालते. मला वाटलं, तुम्ही दोघीही विसरता."

शिवाय बाकावरचे पेशंट उरलेला चहा माझ्यातच ओतत, तो वेगळाच! कमी उजेडातलं झाड पाणी सावकाश पितं, हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. माया इतकी की बिचारी बुडून मरायला टेकली होती. त्या दिवसापासून नियम झाला: मातीत बोट घालायचं, आतपर्यंत कोरडी लागली तरच पाणी. चहावाल्यांना सासूबाईंनी दम भरला, "पुन्हा ओतलात तर दात मी काढीन, आणि मला भूल देता येत नाही!"

हळूहळू झीझीने नवा कोंब काढला. आणि एका सकाळी मास्तर आले. गाल फुगून खरबूज झाला होता. त्यांनी चकाकत्या पानाकडे संशयाने पाहिलं आणि कचकन नख रोवलं. पानातून रस आला.

"अहो, खरं आहे ते! नख काढा आधी!" सासूबाई ओरडल्या.

"खरंच की!" मास्तर पुटपुटले. मग मूठ आवळून, डोळे मिटून, एखादं मोठं वजन उचलायला निघाल्यासारखे आत गेले. बाहेर आले ते दाढेविना. त्या संध्याकाळी व्यायामशाळेत त्यांनी, तोंडात कापूस धरून, डॉक्टरीणबाईंच्या हाताचं असं कौतुक केलं की एक शब्द कुणाला कळला नाही, पण दुसऱ्या दिवशी बाक भरला. नोकरीचं नाव पुन्हा निघालं नाही.

वर्षं गेली. झीझीच्या मुळाशी बटाट्यासारखे कंद असतात. ते फुगत गेले आणि मला आतून रेटू लागले. कुंडीला याहून मोठं सुख नाही आणि याहून मोठं दुखणंही नाही. शेवटी 'टक्' झालं आणि मी उभी तडकले.

"फेकून देऊ?" ताईने विचारलं.

"फेकतेस कशाला?" सासूबाई म्हणाल्या. "झीझीच्या आता चार कुंड्या होतील. भोकांवर ठेवायला हिचे तुकडे लागतीलच."

तेव्हापासून मी चार कुंड्यांच्या तळाशी आहे. माती अडवते, पाणी जाऊ देते. दिसत कुणालाच नाही.

तर मित्रांनो, झाड आणण्याआधी भर दुपारी दिवा न लावता त्या कोपऱ्यात घटकाभर बसा. तुम्हाला अंधारं वाटलं, तर गुलाबाचा हट्ट धरू नका. तिथे खुशीने राहील असंच झाड आणा, आणि मायेचा पूर येऊ देऊ नका. एवढं करूनही ते वाळलंच, तर त्या मुक्या जिवाला बोल लावू नका. खापर माझ्यावर फोडा. मी आधीच फुटले आहे.